स्टंपांमागून विचारलेलं

अक्का, परवाच्या रविवारी मॅच झाली. तू नसताना झालेली पहिली. कोण जिंकलं ते नंतर सांगते, कारण तू आधी तुझ्या जागेवर कोण होतं ते विचारणार हे मला ठाऊक आहे. तर तुझ्या जागेवर कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यांची सून रूपाली उभी होती. तिचे हात चांगले आहेत. चेंडू सोडत नाही. फक्त ती बोलत नाही. चेंडू अडवते, परत फेकते आणि गप्प उभी राहते. बाकी सगळ्या टीमच्या कीपर अशाच असतात म्हणा. आपल्याच नशिबी बडबडी आली होती.

घरात मी तुला कधी 'तू' म्हटलं नाही. तू थोरली जाऊ, मी धाकटी. 'अहो अक्का, तुम्ही जेवून घ्या', 'अक्का, तुम्ही बसा, मी बघते', हेच आपलं बोलणं. मैदानावर ते तूच मोडून काढलंस. पहिल्याच मॅचला एक चेंडू उंच उडाला आणि आपण दोघी खालून धावलो. मी थोरलीला मान दिला, 'घ्या अक्का' म्हणाले. तू धाकटीचं कौतुक करायला गेलीस, 'घे गं तू' म्हणालीस. चेंडू दोघींच्या मधोमध पडला आणि सगळी शुक्रवार पेठ हसली. दोन जावांनी एकमेकींना आग्रह करकरून सोडलेला तो कॅच लोक अजून काढतात. तू कमरेवर हात ठेवून मला म्हणालीस, "हितं मला अहो-बिहो न्हाय. मान घरी गेल्यावर दे की, किती द्यायचा तेवढा." तेव्हापासून चुन्याच्या रेघेच्या आत 'तू' आणि रेघेच्या बाहेर 'तुम्ही' असं ठरून गेलं. आज मी रेघेच्या आतूनच बोलते आहे. बाहेरून बोलायला गेले तर मला रडू येईल.

माझा हात पहिल्यांदा तूच हेरलास. मला क्रिकेट ठाऊक नव्हतं. लहानपणी मंगळवेढ्याकडे माळावर शेळ्या राखताना चुकार शेळीच्या पुढ्यात नेमका खडा टाकायचा, एवढीच माझी विद्या. लग्न होऊन सोलापुरात आले, आणि आपण दोघी घरातच टॉवेलच्या कडा शिवायला बसायला लागलो. एकदा शिवलेल्या टॉवेलांचं गाठोडं जिन्यावरून न्यायचा मला कंटाळा आला, म्हणून मी ते खालून थेट माडीवर फेकलं. ते तुझ्या मांडीत येऊन पडलं. तू मशीन थांबवून खाली वाकून माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तू म्हणालीस, "परत टाक बघू एकदा."

तू माहेरी, अक्कलकोटाकडच्या गावात, भावांबरोबर खेळून तयार झालेली. मला कोपर न वाकवता हात फिरवायला तू गच्चीत शिकवलंस, वाळत घातलेल्या चादरींच्या मधल्या गल्लीत. चादरीला चेंडू लागला की वाइड. आपल्या सासूबाई, आत्या, खालून ओरडायच्या की धुतलेल्या चादरी मळवू नका. तू वरून म्हणायचीस, "न्हाय मळवत, आत्या, झटकून घेतोय."

पण हात फिरणं वेगळं आणि मॅचमध्ये फिरणं वेगळं. ते माझं मला पहिल्याच वर्षी कळलं. चार लोक बघताहेत, मांडवातून माइकवाला नाव घेतोय, समोरची बाई बॅट आपटत उभी आहे, आणि माझा श्वास छातीत अडकून बसायचा. आत जायचा, बाहेर येत नसायचा. आदल्या दिवशी गच्चीत दहातले नऊ चेंडू जागेवर टाकणारी मी, मॅचमध्ये चेंडू हातातून सुटायच्या आधीच गळपटून जायचे.

तेव्हा तू ते सुरू केलंस. स्टंपांना चिकटून उभी राहायचीस, आणि मी धावायच्या जागेवर गेले, वळले, की तिथून भर मैदानात ओरडून विचारायचीस, "वैशे, डाळ भिजत घातलीस का?" मला पहिल्यांदा इतकी लाज वाटली. बॅटवाली हसायला लागली. मी खालमानेनं 'हो' म्हटलं. तू म्हणालीस, "ऐकू आलं न्हाय." मग मी ओरडून सांगितलं की घातली आहे, चण्याची घातली आहे, पातेलं फळीवर झाकून ठेवलंय. तू मान हलवलीस आणि हळूच म्हणालीस, "निधान." तुझ्या माहेरच्या कानडीत निधान म्हणजे सावकाश. समोरच्या टीमला वाटायचं, हा आपला काहीतरी गुप्त इशारा आहे. त्या मैदानभर सावध होऊन उभ्या राहायच्या, आणि मी सावकाश धावत येऊन चेंडू टाकायचे. तो पडायचा जागेवर.

दर चेंडूला नवा प्रश्न. गॅस बंद केलास का. दुधवाल्याला उद्याचं सांगितलंस का. पोरांचे गणवेश वाळले का. उत्तर दिल्याशिवाय तू खाली वाकायची नाहीस. कीपर वाकली नाही तर चेंडू कसा टाकणार? अंपायर वैतागायचे. एकानं तर तुला ताकीद दिली की, बाई, संसार घरी करा. तू त्यालाच उलटं विचारलंस की तुम्ही जेवून आलात का. तो बिचारा 'नाही' म्हणाला, आणि पुढच्या मॅचला तू त्याच्यासाठी डबा आणलास.

मला फार उशिरा कळलं की बोलल्याशिवाय माझा श्वास सुटत नाही, हे तू ओळखलं होतंस. मी मोबाइलवर बघून बघून श्वास मोजायला शिकले होते. आत घेताना इतके आकडे, धरताना इतके, सोडताना इतके. तू म्हणायचीस, "श्वास मोजत बसलीस तर बॉल कवा टाकशील?" त्यावरून आपलं बोलणं कधी संपलंच नाही. मला भीती घालवायची होती. तुला ती ठेवायची होती. पोटात गोळा आला म्हणजे अंग जागं झालं, असं तुझं म्हणणं. ज्या दिवशी गोळा येणार नाही त्या दिवशी घरी बसून टॉवेल शिव, असंही म्हणायचीस. मी चिडायचे. तुला काय कळतंय, तुला कुठे भीती वाटते, असं मी तुला एकदा तोंडावर म्हटलं होतं. तू फक्त हसलीस.

आणि ताकद. त्यावरून तर आपण किती भांडलो. एका दिवसात तीन मॅच, वर मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. मॅचच्या सकाळी माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. तू जोर करायची नाहीस. ज्वारीच्या आंबिलीचा डबा घ्यायचीस, पातळ, ताक आणि जिरं घातलेली, आणि दर मॅचनंतर मला दोन घोट पाजायचीस. खिशात शेंगा-गूळ. गाड्यावरचं बर्फाचं सरबत बंद. दोन मॅचच्या मधे लिंबाखाली सतरंजी टाकून मला आडवी पाडायचीस, तोंडावर ओढणी घालायचीस, आणि कोणी बोलायला आलं की सांगायचीस, "चार्जिंगला लावलीय, हात लावू नका." नवी पेठेतल्या दुकानदारांच्या बायका माझ्याबरोबर फोटो काढायला यायच्या. मी ओढणीखाली झोपल्याचं सोंग करत हसू दाबायचे.

सगळ्यात मोठी काळजी तुला पाण्याची. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड सुटणार, आणि सुटलं की पिंप, टाकी, कळशा, घंगाळं, मिळेल ते भरायचं. मॅच आणि पाण्याचा दिवस एकत्र आला की तू मला हंड्याला हात लावू द्यायची नाहीस. आत्यांना सांगायचीस, वैशीच्या खांद्यात चमक भरली आहे. आत्या म्हणायच्या, मॅचच्या दिवशीच बरी हिची चमक भरते. तू पदर खोचून सगळं पाणी एकटी भरायचीस आणि तशीच ओल्या परकरानं घाईघाईनं मैदानाचे कपडे चढवायचीस. मी म्हणायचे, अक्का, तुम्हालाही खेळायचंय ना? तू म्हणायचीस, कीपरला काय, नुसतं उभं तर राहायचं.

गेल्या वर्षीची फायनल आठवते का? काय विचारते आहे, ती विसरली असतीस तर तू तू कसली. सकाळच्या पहिल्याच मॅचला मी सगळा जोर लावला. समोरची टीम कच्ची होती, माझे चेंडू त्यांना दिसत नव्हते, माइकवाला माझं नाव लांबवून लांबवून घेत होता, मला चढलं. तू दोनदा येऊन सांगितलंस, अर्ध्या जोरानं टाक, संध्याकाळी लागणार आहे. मी ऐकलं नाही. अर्ध्या मनानं टाकलेला चेंडू फटका खातो असं माझं म्हणणं होतं. अजूनही आहे. संध्याकाळी फायनलला पाय उचलत नव्हते. शेवटचा चेंडू, त्यांना तीन धावा हव्या होत्या. तू मागून विचारलंस, "उद्या पाणी हाय का गं?" माझा जीव टांगणीला लागलेला, आणि ही पाणी विचारते. मी उत्तर दिलं नाही. तू वाकायच्या आधीच धावत सुटले. चेंडू टप्पाच न पडता बॅटवर गेला, आणि बॅटवरून रेघेबाहेर.

घरी येताना रिक्षात आपण भांडलो. रेघेच्या बाहेर होतो, तरी मी 'तू'च म्हणत होते, आणि तुला ते कळलंही नाही. तू म्हणालीस, उत्तर दिलं असतंस तर चेंडू जागेवर पडला असता. मी म्हटलं, तू विचारलंस म्हणूनच माझं लक्ष उडालं. रिक्षावाल्या चाचांनी मधेच तोंड घातलं, "बाजी, गलती दोनों की है." आपण दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. पुढचा आठवडाभर शिवणयंत्रांच्या आवाजात तेच. एक टॉवेल संपला की तू एक मुद्दा काढायचीस, दुसरा संपला की मी. शेवटी म्हणालीस, पुढच्या वर्षी दाखवते तुला. आम्ही वाट बघत होतो, अक्का. थोरले भाऊजी एमआयडीसीतून येताना तुझ्यासाठी नवे ग्लोव्हज घेऊन आले होते. पिशवीतून काढलेलेच नाहीत अजून.

दवाखान्याचं मला बोलायचं नव्हतं. पण तेवढंच तर बोलायचं राहिलंय.

ऑपरेशनला आत नेण्याआधी तुझ्यापाशी मी होते. भाऊजी खाली औषधं आणायला गेले होते. तुला हिरवे कपडे घातले होते, कपाळाचं कुंकू पुसलेलं होतं, आणि तू मला ओळखू येत नव्हतीस. माझा श्वास अडकला, अगदी मैदानावर अडकायचा तसा. तू माझ्याकडे बघितलंस. मग विचारलंस, "वैशे, कैरीच्या बरणीला दादरा बांधलास का?" तू ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी लोणचं घातलं होतंस. नुसतं झाकण टाकून ठेवलं होतंस, वरून स्वच्छ फडकं बांधायचं राहिलं होतं. मला इतकं रडू फुटलं. 'अहो अक्का, हे काय विचारता आत्ता?' एवढंच मी म्हणाले. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. वाट बघत होतीस. मग त्यांनी स्ट्रेचर ढकलला.

ते दार बंद झाल्यावर तू परत बोलली नाहीस. मी स्वतःची समजूत घातली. अक्कानं माझ्यासाठीच विचारलं होतं. मला धीर यावा म्हणून. जाता जाताही तिनं माझीच भीती सांभाळली. या समजुतीवर मी तेरा दिवस काढले, आणि त्यापुढचेही.

रविवारी नेमकं पाणी सुटलं. मी खेळायचं नाहीच ठरवलं होतं. टीममधल्या बायका दोनदा येऊन गेल्या होत्या. रूपाली दारात नुसती उभी राहून परत गेली होती. मी उठले, पदर खोचला, हंडा उचलला. आत्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "ठेव त्यो. मॅच हाय नव्हं तुझी आज?"

मी म्हटलं, आत्या, मी जात नाही.

त्या नळाखाली हंडा लावून पाटावर बसल्या. पाण्याच्या धारेकडे बघत बोलत होत्या, माझ्याकडे नाही. थोरलीला वाटायचं, मला काही कळत नाही, असं म्हणाल्या. खांद्यात चमक भरली म्हणून सांगायची, मी मान डोलवायची. मग म्हणाल्या, "आन सवता मोरीत जाऊन वकायची मॅचच्या सकाळी. दर वर्साला. हातपाय गार पडायचं तिचं. मीच पाठीवरनं हात फिरवायची. म्हनायची, आत्या, वैशीला सांगू नका, तिला वाटतं मला भ्याव वाटत न्हाय."

हंडा भरून वाहायला लागला.

अक्का, मी तिथंच बसले. म्हणजे सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडून तू विचारायचीस ते नुसतं माझ्यासाठी नव्हतं. तुझाही श्वास अडकायचा. माझं 'हो, घातलीय, फळीवर झाकून ठेवलीय' ऐकू आलं की तुझा सुटायचा, आणि मग तू वाकायचीस. आपण दोघी एकमेकींच्या आधारानं उभ्या होतो आणि मला वाटत होतं की एकटी मीच लटकते आहे. आणि त्या दिवशी, त्या हिरव्या कपड्यात, तुला भीती वाटत होती. तुला उत्तर हवं होतं.

आत्यांनी मला उठवलं. आंबील त्यांनीच केली. तुझ्याइतकी पातळ नव्हती, पण जिरं होतं. भाऊजी आणि हे राहिलेलं पाणी भरायला थांबले. आत्या माझ्याबरोबर रिक्षात बसून मैदानावर आल्या, आयुष्यात पहिल्यांदा. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून, डबा मांडीवर घेऊन बसल्या. माइकवाल्यानं तुझं नाव घेतलं, सगळे उभे राहिले. मी चपलेनं माझी धावायची रेघ ओढत होते. वर बघितलं नाही.

कोण जिंकलं? आपण जिंकलो. पहिल्या मॅचला मी अर्ध्या जोरानं टाकलं, तुझं ऐकलं, आणि दोन चौकार खाल्ले. म्हणजे तो वाद काही मिटला नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस की चौकार खाल्ले तरी संध्याकाळी पाय होते ना. होते. पण हे बोलायला मला तू हवी आहेस. जिंकल्यावर सगळ्या नाचल्या, मला उचलायला आल्या, आणि मला तुझी इतकी आठवण आली की मी ओढणी तोंडावर घेऊन लिंबाखाली आडवी झाले. यावेळी हात लावू नका म्हणायला कोणी नव्हतं. त्यांनी मला तसंच राहू दिलं. आत्यांनी बहुतेक डोळ्यांनी सांगितलं असावं.

पण तुला सांगायचं होतं ते फायनलच्या माझ्या पहिल्या चेंडूचं.

मी रेघेवर गेले, वळले. सगळं तसंच झालं. श्वास आत गेला आणि अडकला. रूपाली स्टंपांमागे वाकून तयार होती, गप्प. मी धावले, पहिला वाइड. परत गेले, वळले, दुसरा वाइड. बायका 'काही नाही, काही नाही' म्हणून टाळ्या वाजवायला लागल्या. तिसऱ्यांदा रेघेवर उभी राहिले आणि पाय निघेनात. अंपायरनं हात पुढे केला, टाका म्हणून. मी तुझ्या जागेकडे बघत होते. तिथून कोणी काही विचारणार नव्हतं. पण एक विचारलेलं होतंच की तिथं, महिनाभर तसंच पडून.

मी ओरडले, "बांधला गं अक्का. दुसऱ्याच दिवशी बांधला. पांढऱ्या फडक्याचा, दोन पदरी."

बॅटवाली मागे सरकली. रूपालीनं मान वर केली. मी थांबले, तुला ऐकू जायला आणि वाकायला लागतो तेवढा वेळ थांबले. मग श्वास सुटला, आणि मी सावकाश धावत आले.